डिचोलीत बसून इंग्लंडमधल्या गावाचा इतिहास कसा काढायचा

मी इंग्लंडमधल्या स्विंडनला साडेपाच वर्षं होतो, वेअरहाऊसमध्ये नाईट शिफ्ट, आणि खरं सांगतो, त्यातली पहिली तीन वर्षं मला त्या शहराबद्दल दोनच गोष्टी माहीत होत्या, एक म्हणजे बस कितव्या नंबरची आणि दुसरी म्हणजे आपल्यासारखा पाव कुठेच मिळत नाही. मग शेजारच्या आजी (इंग्लिशच, चौऱ्याऐंशीच्या) एकदा कुंपणावरून म्हणाल्या की तू राहतोस त्या घरात आधी जो राहायचा तो माझ्या वडिलांबरोबर रेल्वेच्या कारखान्यात होता. झालं, तिथून मला हा नाद लागला. आता परत डिचोलीला आलोय तरी सुटलेला नाही. गोव्यातल्या बऱ्याच जणांची माणसं पोर्तुगीज पासपोर्टवर तिकडे गेलीत, कोण स्विंडनला कोण साउथॉलला, आणि बरेच जण विचारतात की तू हे सगळं इथे बसून काढतोस कसं, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सुरुवात अख्ख्या गावापासून करू नका. मी केली होती, 1086 च्या डूम्सडे बुकात (राजाने करून घेतलेली जमिनीची नोंदवही) स्विंडनचं नाव आहे हे वाचून इतका हुरळलो की वहीची तीस पानं भरली आणि त्यात एकही जिवंत माणूस नव्हता. एक गल्ली धरा, जमलं तर एकच घर. तुमची बहीण किंवा चुलतभाऊ राहतो ती गल्ली चालेल, पत्ता तर तुमच्याकडे आहेच.

मग नकाशा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साईटवर ऑर्डनन्स सर्व्हेचे (तिकडचं सरकारी मोजणी खातं) जुने नकाशे फुकट बघता येतात, आणि नाव स्कॉटलंडचं असलं तरी इंग्लंडचे पण आहेत. जुना नकाशा आणि आजचा सॅटेलाईट फोटो शेजारी शेजारी लावायची सोय आहे, एकावर बोट फिरवलं की दुसऱ्यावर तीच जागा दिसते. पंचवीस इंची म्हणतात तो नकाशा घ्या (जमिनीवरचा एक मैल म्हणजे कागदावर साधारण पंचवीस इंच), त्यात एकेक घर सुटं दिसतं, विहीर पण दिसते. अजून मागे जायचं असेल तर टाइद मॅप. 1836 च्या कायद्याने चर्चला द्यायचा धान्याचा दशांश पैशात बदलला, त्यासाठी गावोगाव मोजणी झाली, आणि त्याच्या बरोबरच्या यादीत प्रत्येक तुकड्याचा मालक कोण, कसणारा कोण, शेताचं नाव काय हे सगळं आहे. आपल्या गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्याचा, फॉर्म वन-फोर्टीनचा आजोबाच समजा. मला त्यातली शेतांची नावं वाचायला फार आवडतं, कारण आपल्याकडे पण प्रत्येक कुणग्याला नाव असतं आणि ते माहीत असलेली माणसं एकेक करून जातायत.

गल्लीचं नाव मात्र डोळे झाकून धरू नका. स्विंडनच्या रेल्वे व्हिलेजमध्ये, म्हणजे कामगारांसाठी बांधलेल्या दगडी घरांच्या वस्तीत, रस्त्यांना रेल्वे जिथे जिथे जायची त्या गावांची नावं आहेत, ब्रिस्टल, एक्सेटर, टाँटन, रीडिंग. त्यातला बाथ स्ट्रीट आज बाथॅम्प्टन स्ट्रीट आहे. डोंगरावरचं जुनं स्विंडन आणि खालचं रेल्वेचं नवं स्विंडन 1900 साली एक झाले, त्यामुळे त्याच्या आधीच्या कागदात तुमची गल्ली नक्की कुठल्या स्विंडनमध्ये ते आधी बघून घ्या. जुन्या स्विंडनचे भाटकार (जमीनदार) म्हणजे गॉडर्ड घराणं, त्यांचं नाव तुम्हाला सारखं भेटणार.

आता माणसं. जनगणना तिकडे 1801 पासून दर दहा वर्षांनी होते पण घरातल्या प्रत्येकाचं नाव 1841 पासून मिळतं, आणि शंभर वर्षं झाल्याशिवाय उघडत नाहीत, म्हणून सध्या शेवटची म्हणजे 1921 ची. 1931 ची इंग्लंड आणि वेल्सची कागदपत्रं 1942 च्या आगीत जळाली आणि 1941 ला युद्धामुळे झालीच नाही. मधली ही पोकळी भरायला 1939 चं रजिस्टर आहे, त्या सप्टेंबरात ओळखपत्रं द्यायला घरोघर नोंद केली होती ती. एक गंमत लक्षात ठेवा, 1841 ला मोठ्या माणसांची वयं बहुतेक ठिकाणी पाचच्या पटीत खाली उतरवून लिहिलीत, म्हणजे 44 चा माणूस 40 दिसतो, तेव्हा वय जुळत नाही म्हणून आपला माणूस सोडून देऊ नका (मी एक सोडला होता, चार महिने दुसऱ्याच कुटुंबाच्या मागे फिरलो). जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंद जुलै 1837 पासून, त्याची सूची फ्रीबीएमडी या साईटवर फुकट. त्याच्या आधीचं म्हणजे चर्चची रजिस्टरं, ती 1538 पासून ठेवायचा हुकूम होता, काही गावांची फ्रीरेज या साईटवर आहेत. आणि 1752 च्या आधीची तारीख आली तर सांभाळून, तिकडे तेव्हा नवीन वर्ष 25 मार्चला लागायचं आणि कॅलेंडर पण जुनं होतं. पोर्तुगालने ते 1582 लाच बदललं होतं, म्हणजे या एका बाबतीत आमचे पाद्री इंग्रजांच्या जवळपास एकशे सत्तर वर्षं पुढे!

पैशाचं सांगतो. जनगणनेची मूळ पानं बहुतेक पैसे भरायच्या साईटवर असतात. फुकट ट्रायल घेतली तर त्याच दिवशी फोनवर रिमाइंडर लावा, माझे एकदा अख्ख्या वर्षाचे कापले गेले आणि घरी आठवडाभर तोच विषय. त्यापेक्षा तिकडच्या आपल्या माणसाला पब्लिक लायब्ररीत पाठवा, बऱ्याच लायब्ररीत या साईट कार्डावर फुकट चालतात. स्विंडनच्या सेंट्रल लायब्ररीत लोकल स्टडीजचा वेगळा विभाग आहे आणि विल्टशरचे (स्विंडन त्याच जिल्ह्यातलं) मूळ कागद चिपनमच्या हिस्ट्री सेंटरमध्ये. गावाचा ठोस इतिहास हवा तर व्हिक्टोरिया काउंटी हिस्ट्री, 1899 ला सुरू झालेलं काम अजून संपलेलं नाही, त्याचे बरेच खंड ब्रिटिश हिस्ट्री ऑनलाईनवर फुकट वाचता येतात. भाषा कोरडी, पण खाली तळटिपा असतात, आपल्याला त्याच पाहिजेत.

आता खरा मुद्दा, म्हणजे आठवणी. कागद कुठे पळत नाही, चौऱ्याऐंशीच्या आजी थांबणार नाहीत, म्हणून वेळ कमी असेल तर कागद सोडा आणि फोन लावा. पण "तुमच्या वेळचं सांगा" असं विचारलंत की माणूस गप्प होतो, नाहीतर टीव्हीवर ऐकलेलं सांगतो. मी विचारायचो, शाळेत जाताना उजव्या हाताला पहिलं दुकान कुठलं? आणि त्याच्या नंतरचं? चौथ्या दुकानापर्यंत आजी स्वतःच चालायला लागायच्या, मला फक्त हं हं करायचं काम. जुना नकाशा प्रिंट करून समोर ठेवला तर अजून चांगलं, बोट ठेवून सांगतात. रेकॉर्ड करायच्या आधी परवानगी घ्या, फाईलची त्याच रात्री दुसरीकडे कॉपी करा, आणि ज्यांची नावं त्यात येतील ती माणसं किंवा त्यांची मुलं तिथेच राहत असतील तर नावं बाहेर टाकू नका.

आवाज विचारा. आजींनी सगळ्यात आधी सांगितला तो कारखान्याचा भोंगा. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा हा कारखाना 1843 ला सुरू झाला आणि 1986 ला बंद पडला, आणि तोवर अख्खं गाव त्या भोंग्यावर उठायचं. कित्येक मैलांवर ऐकू जायचा, जवळच्या लिडियार्डच्या व्हायकाउंट बोलिंगब्रोक या उमरावाने तर झोपमोड होते म्हणून तक्रार केली होती. आमच्याकडे खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकांचा आवाज असायचा, तो बंद झाला तेव्हा पहिले काही दिवस झोप येईना, तसंच आजींच्या आईला झालं म्हणे.

आणि पैसे विचारा, लाजू नका. इथे मी चांगलाच आपटलो. स्विंडनमध्ये "ट्रिप" म्हणून प्रकार होता, 1849 पासून, उन्हाळ्यात कारखान्याची सुट्टी आणि कामगारांना बायकामुलांसकट फुकट रेल्वे. पुढे तर हजारोंनी माणसं जायची, गाव ओस, वेमथला म्हणे एवढी गर्दी की त्याला समुद्रकाठचं स्विंडनच म्हणायचे. आजी इतक्या खुशीत सांगत होत्या, बादल्या, फावडी, पहाटेची गाडी, की मी लिहून मोकळा झालो, कंपनी किती दिलदार, भरपगारी सुट्टी. ते त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, पगार कुठला? तेव्हाच्या ट्रिपला पगार नसायचाच, 1930 च्या दशकाच्या शेवटापर्यंत, आणि परत आल्यावर घरात काटकसर चालायची. त्यांना ते माहीत होतं, मी विचारलंच नव्हतं. त्या लहान होत्या, त्यांच्या आठवणीत समुद्रच असणार ना.

आठवण आणि कागद जुळले नाहीत तर काय करायचं, हे सगळे विचारतात. दोन्ही लिहा, पण कुठलं कुठून आलं ते सांगून. उदाहरण देतो. स्विंडनला कोणीही सांगेल की रेल्वेचे इंजिनियर ब्रुनेल आणि गूच डबा खात बसले होते, एकाने सँडविच फेकलं, ते पडलं तिथे कारखाना उभा राहिला. हे ऐकल्यावर मी मोठ्याने हसलो, कारण आम्ही परशुरामाच्या बाणाने झालेल्या जमिनीवरची माणसं, बाणाच्या जागी सँडविच आलं एवढंच! कागद वेगळं सांगतो, गूचने सप्टेंबर 1840 मध्ये ब्रुनेलला पत्र लिहून ही जागा सुचवली, कारण पुढे चढ-उतार जास्त म्हणून इंजिन इथे बदलणं सोयीचं, ग्लॉस्टरची लाईन इथेच फुटणार, आणि कालव्याने कोळसा येईल. पण म्हणून सँडविच खोडू नका. आपलं गाव आपोआप नाही झालं, कोणीतरी निवडलं, हे लोकांना सांगायचं असतं ते त्या गोष्टीत आहे. फक्त तारखेच्या रकान्यात ते घालू नका.

शेवटचं एक काम, हे कुठल्याच अर्काइव्हमध्ये मिळणार नाही. तिकडच्या आपल्या माणसाला पण हेच प्रश्न विचारा. पहिल्या खोलीत किती जण झोपायचे, भाडं किती, चवथीला गणपतीवरच्या माटोळीला काय बांधलं, उकडे तांदूळ कुठून आणायचे, पाच छोट्या गोलांचा तो मॅजिक राउंडअबाउट पहिल्यांदा ओलांडताना काय झालं. आमच्या भावजीला वाटतं इतिहास म्हणजे ब्रुनेल, आपला कसला, तरी फोनवर बोलता बोलता पाऊण तास झाला आणि मी तीन पानं लिहिली. रविवारी दुपारी इथले साडेतीन-चार वाजले की फोन करा, तिकडे सकाळ असते, नाईटवाले झोपलेले असतील तर संध्याकाळी करा, आणि पहिला प्रश्न घरापासून बस स्टॉपपर्यंतच्या वाटेचाच ठेवा.