राक्षसाला माणसाळवू नका

राक्षस-प्रेमकथा लिहायची, तर सगळ्यात आधी हे ठरवा, की तुमचा राक्षस नायक खातो काय. शिंगं, लाल डोळे, पाठीवरचे खवले नंतर बघू. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या राक्षस-प्रेमकथांत दिसण्यावर दोन-दोन पानं असतात आणि भुकेवर एक ओळ नसते. मग पाचव्या प्रकरणात कळतं, की हा नुसता उंच, अबोल, श्रीमंत मुलगा आहे. शिंगं काढून ठेवली तर बाणेरला फ्लॅट घेऊन राहील.

आपल्याकडे निवडीला तोटा नाही. हडळ, खवीस, ब्रह्मराक्षस, वेताळ, देवचार. एक नाव मात्र आत्ताच खोडा: मुंजा. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा तो, पिंपळावरचा बटू. ‘तसा तो तीनशे वर्षांचा आहे’ ही पळवाट चालणार नाही.

माझा लाडका राखणदार. सिंधुदुर्गात, गोव्यात बागेला, शिवेला राखणदार असतो आणि वर्षाची राखण त्याला द्यावी लागते, कुठे नारळ, कुठे कोंबडा. रात्री वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत पोचवतो आणि राखण चुकवणाऱ्याच्या घरात आजारपण धाडतो, असं लोक सांगतात. धड देव नाही, धड भूत नाही. चांगलं-वाईट त्याच्या कामातच कालवलेलं आहे, तुम्हाला बाहेरून घालावं लागत नाही.

आता त्याच्यासमोर अशी बाई उभी करा, जिचं कामच त्याच्या आड येतं. समजा, घाटावरून बदलून आलेली भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारी सरकारी कर्मचारी. चाळिशीची, घटस्फोटित, कोणाच्या दबावाला न बधणारी. तिन्हीसांजेला एकटीच हद्दीच्या दगडाशी मोजणीच्या यंत्राचा, रोव्हरचा, दांडा रोवून उभी आहे.

“बाये, दगड तीन हात फुडे इलो हा.”
“कोणी सरकवला?”
“जेना सरकवल्यान, तो व्हाळात आसा.”
तिने आधी वहीत आकडा लिहिला. मग विचारलं, “जिवंत?”
“नाय.”

इथे हात आवरा. ‘पण तो मेलेला माणूस फार नीच होता’ हे वाक्य आतून उसळी मारेल, ते लिहायचं नाही. उलट दुसऱ्या दिवशी मोजणीवाल्यांना चहा घेऊन येणारी पोर त्या माणसाचीच असू द्या. तीन हात जमिनीसाठी बाप गेला, तिच्या हातात कपबशा आहेत, आणि आपली नायिका रात्री पुन्हा त्याच दगडाकडे जाणार आहे. वाचक आता अडकला. राखणदाराला लहानपणीचं दुःख चिकटवून तुम्ही त्याची सुटका केलीत, तर वाचकाचीही होईल आणि तो मोबाइल खाली ठेवेल.

प्रेम जुळलं की अटी ठरवा, आणि त्या बोचऱ्या हव्यात. आदिपर्वातली हिडिंबा बघा. भावाने तिला पांडवांना मारून आणायला पाठवलं, ती भीमाला बघून थबकली, आणि मग भाऊच भीमाच्या हातून मेला. पुढचा करार असा: भीम दिवसा तिच्याबरोबर, रात्री आई-भावांकडे परत, तेही मुलगा होईपर्यंतच. घटोत्कच झाला आणि ती निघून गेली. हाच मुलगा पुढे कुरुक्षेत्रावर कर्णाच्या शक्तीने पडतो, अर्जुनासाठी राखून ठेवलेल्या शक्तीने, आणि कृष्ण आनंदाने नाचतो. या प्रेमाची किंमत किती वर्षांनी आणि कोणाकडून वसूल झाली बघा. मनालीत 1553 साली बांधलेलं तिचं देऊळ आहे. राक्षसी ती राक्षसीच राहिली, तरी लोक हात जोडतात.

नायिकेचा नकार राक्षसाला कळला पाहिजे. ती ‘नाही’ म्हणाली, की तो थांबतो, आणि थांबणं त्याला जड जातं. भुकेलेल्याने हात मागे घेतला, तर त्या पानावर धग राहते. न थांबणारा नायकही लोक लिहितात. तसं करणार असाल, तर कैद, बळजबरी, रक्त जे असेल ते कथेच्या डोक्यावरच लिहून टाका. सूचनेने मजा जात नाही. अशा कथा वाचणाऱ्या बायका ती सूचना वाचूनच आत शिरतात.

संवादांत ‘प्रिये’ वगैरे नको. मालवणी येत नसेल, तर राखणदाराला साध्या मराठीत आखूड वाक्यं द्या. नाटकात ऐकलेली चार वाक्यं उचलून ठेवलीत, तर कुडाळचा वाचक पहिल्या ओळीत पकडेल.

आणि शेवटी शाप उतरवून त्याचा गोरागोमटा तरुण करायचा नाही. बाई आली होती ती त्या शिंगांसाठी. त्यापेक्षा नायिकेच्या बदलीचा आदेश येऊ द्या, सरकारी नोकरीत तो कधीतरी येतोच. राखणदाराला शीव ओलांडता येत नाही. बदली रद्द करून घ्यायला तिला साहेबांपुढे खोटं कारण द्यावं लागेल, आणि त्याआधी मोजणीच्या नकाशावर दगड नेमका कुठे दाखवायचा यावर सही करावी लागेल. ते प्रकरण सावकाश लिहा.