‘ताई, माझा चान्स किती?’ : आर्थिक मदत मागून अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्‌स कॉलेजला अर्ज करणाऱ्यांसाठी

ऑगस्ट उजाडला की बारावीतल्या कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच. एसएटी या अमेरिकी प्रवेशपरीक्षेत १५२०, दहावीला ९६ टक्के, एमयूएन (संयुक्त राष्ट्रांच्या धर्तीवरची वादचर्चा), एका संस्थेत शिकवणं, कथकच्या परीक्षा. ताई, ॲमहर्स्टला (एकाच विषयात न अडकवता कला-विज्ञान सगळं शिकवणारं, म्हणजे लिबरल आर्ट्‌सचं, छोटं कॉलेज) माझा चान्स किती? मी उलट एकच विचारते, घरून वर्षाला किती पैसे मिळणार आहेत? पोरं नाराज होतात. आम्ही गुणवत्तेचं विचारलं आणि ही पैशावर घसरली, असं त्यांना वाटतं. पण परदेशी अर्जदाराच्या बाबतीत हा आकडा कळल्याशिवाय चान्सबद्दल बोलणं म्हणजे हवेत गोळीबार.

आता जरा सविस्तर सांगते, कारण मी इथेच अडकले होते. यादी करताना आपण बघतो तो ॲक्सेप्टन्स रेट, म्हणजे शंभर अर्जांमागे किती जणांना प्रवेश. ॲमहर्स्ट, विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना दहा टक्क्यांच्या आतबाहेर, ती ‘स्वप्नातली’. मग वीस-पंचवीस टक्केवाली दोन-तीन घ्यायची आणि त्यांना ‘सेफ्टी’, म्हणजे हमखास मिळणारी, म्हणायचं. माझ्या सगळ्या सेफ्टींनी मला मार्चमध्ये सभ्य भाषेत घरचा रस्ता दाखवला. तो टक्का माझा नव्हताच. त्यात अमेरिकी मुलं होती, पूर्ण फी भरणारी परदेशी मुलं होती, कॉलेजच्या संघासाठी प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू होते. जवळजवळ सगळा खर्च कॉलेजकडून मागणाऱ्या भारतीय मुलीची रांग वेगळी असते, आणि त्या रांगेचा टक्का कुणी पहिल्या पानावर छापत नाही.

याचं कारण नीड-अवेअर धोरण. अमेरिकी मुलांच्या बाबतीत वरची बरीच कॉलेजं प्रवेश ठरवताना पैशाकडे बघत नाहीत. परदेशी मुलांच्या बाबतीत मात्र मोजकीच तसं वागतात. ॲमहर्स्ट २००८ पासून, बोडन २०२२ पासून. विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना आपल्यासाठी नीड-अवेअर आहेत, म्हणजे तुम्ही किती मदत मागता हे प्रवेश ठरवताना बघितलं जातं. पण एकदा घेतलं की तुमची गरज ही कॉलेजं पूर्ण भागवतात. मदत मागितल्याने प्रवेशावर परिणाम होतो का, आणि प्रवेश मिळाल्यावर पूर्ण गरज भागते का, हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. वहीत प्रत्येक कॉलेजसमोर दोन्हींची उत्तरं लिहा. तिसराही एक प्रकार आहे. प्रवेश देतात, अभिनंदनाचं पत्र येतं, सोबत वीस-पंचवीस हजार डॉलरची मेरिट स्कॉलरशिप, आणि वर्षाचा खर्च नव्वद हजारांच्या घरात. उरलेल्या रकमेचे रुपये करून बघा आणि मग पेढे वाटायचे का ते ठरवा.

मग आपल्या रांगेचा अंदाज कसा काढायचा? बरीच कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाची लांबलचक फाइल प्रसिद्ध करतात. तिच्या सी विभागात अर्ज आणि प्रवेशांचे आकडे असतात. अलीकडच्या वर्षांत परदेशी मुलांचे वेगळेही सापडतात. खरा खजिना एच ६ मध्ये. किती परदेशी विद्यार्थ्यांना कॉलेजने मदत दिली आणि सरासरी किती दिली, ते तिथे असतं. समजा तिथे १६० विद्यार्थी आणि सरासरी ७५ हजार डॉलर असं दिसलं. हे चारही वर्षांचे मिळून आहेत, म्हणजे एका वर्षाला साधारण ४०. हे ४० जण सगळ्या जगातून आलेले. शिवाय त्यांतल्या काही जागा यूडब्ल्यूसीच्या (युनायटेड वर्ल्ड कॉलेज, अकरावी-बारावीच्या आंतरराष्ट्रीय शाळांची साखळी) मुलांकडे जातात, कारण त्यांच्यामागे डेव्हिस शिष्यवृत्तीचे पैसे कॉलेजला मिळतात. (तुम्ही अजून दहावीत असाल तर हे पान मिटा आणि मुळशीच्या महिंद्रा यूडब्ल्यूसीची माहिती काढा. तिथेही गरजेनुसार शिष्यवृत्ती असते.) एच ६ मध्ये सरासरी तीस हजारांची दिसली, तर ते कॉलेज थोडं थोडं बऱ्याच जणांना वाटतं. तुमच्या घरून उरलेले निघत नसतील तर तिथे अर्ज करून शुल्क फुकट घालवू नका.

हे वाचून हात गळाले असतील, तर थांबा. याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की नकार आला म्हणजे तुम्ही कमी पडलात असं नाही. बऱ्याचदा त्या वर्षीचं बजेट संपलेलं असतं. आणि घरून वर्षाला पंधरा-वीस हजार डॉलर खरोखर येणार असतील, तर शून्यवाल्यांपेक्षा तुमची परिस्थिती पुष्कळ बरी. आहे तेवढा आकडा प्रामाणिकपणे मांडा.

प्रामाणिकपणे म्हणते, कारण एक भंपक सल्ला सगळीकडे फिरतोय: ‘आता मदत मागूच नका, ॲडमिशन होऊ दे, मग मागू.’ बऱ्याच कॉलेजांचा सरळ नियम आहे की परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नसेल, तर पुढे मागता येत नाही. तरी लाखो रुपये घेणारे काउन्सेलरही बिनधास्त ‘मग मागू’ असं सांगतात. माझं काउन्सेलरांबद्दलचं मत फारसं चांगलं नाही, ते सोडा. मुंबईत यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेच्या कार्यालयात एज्युकेशनयूएसए या अमेरिकी सरकारच्या सल्ला सेवेचे सल्लागार बसतात, तिथे आधी जाऊन या.

अर्ली डिसिजन (ईडी) म्हणजे प्रवेश मिळाला तर इथेच येईन असं कबूल करून एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज. त्याचा दर दुप्पट-तिप्पट दिसतो, त्यालाही भुलू नका. ते हेरलेले खेळाडू त्यातच असतात. पण एखादं नीड-अवेअर कॉलेज मनापासून आवडलं असेल, तर ईडी तिथेच वापरा असं मी म्हणेन. मदत पुरेशी नसली तर त्या बंधनातून सुटता येतं. एसएटीचंही तसंच. जिथे परीक्षा ऐच्छिक आहे तिथे ज्यांनी गुण पाठवले त्यांचीच सरासरी छापतात, त्यामुळे ती फुगलेली असते.

आपल्या एचएससीवाल्यांची आणखी एक पंचाईत. अकरावीला कोण विचारतं, या न्यायाने आपण ते वर्ष ढकलतो. ही कॉलेजं नववीपासूनचे गुण मागतात, आणि अर्ज जातो तेव्हा बारावीचा निकाल लागलेला नसतो, म्हणजे सगळ्यांत ताजी वार्षिक गुणपत्रिका अकरावीचीच. त्यात इंटिग्रेटेडवाले असाल तर आणखीच बिकट. दिवसभर क्लासमध्ये, कॉलेजात फक्त नाव. शिफारसपत्र लिहायला तुम्हाला ओळखणारे शिक्षक आणायचे कुठून? ‘ती आज्ञाधारक व कष्टाळू आहे’ एवढ्या दोन ओळींचं पत्र हजारोंच्या ढिगात वाचलंही जात नाही. एका बाईंच्या किंवा सरांच्या तासाला नियमित बसा, प्रश्न विचारा. पत्र मागताना तुमच्या कामाचे दोन-तीन ठोस प्रसंग त्यांना लिहून द्या. यात लबाडी काही नाही, त्यांच्याकडे शंभर मुलं असतात. बारावीच्या अंदाजित गुणांचं पत्रही कॉलेजच्या लेटरहेडवर लागतं, आणि क्लार्कना ते काय असतं हे समजावण्यात बराच वेळ जातो.

पैशाची कागदपत्रं मात्र आजच काढायला लागा. सीएसएस प्रोफाइल या मदतीसाठीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये घर, शेती, धंदा, बचत सगळं विचारतात. शेती आजोबांच्या नावावर आणि सातबाऱ्यावर चार काकांचा हिस्सा, असं असेल तर विशेष परिस्थितीच्या रकान्यात चार वाक्यांत समजावून सांगा. मराठीतल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. फॉर्मचं शुल्क जड जात असेल तर कॉलेजला मेल करून माफीचा कोड मागा, काही देतात. आणि बाबांचं आयकर रिटर्न दिवाळीच्या आधी हातात घ्या, कारण ईडीच्या तारखा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येतात आणि सीए दिवाळीत फोन उचलत नाहीत.