सुका कचरा सुकाच ठेवा: वर्गीकरणातल्या या चुका टाळा

घरात दोन डबे ठेवले की आपलं काम झालं, असं आपण धरून चालतो. पण सुक्याच्या डब्यात दह्याचा कप न धुताच पडला, की त्याखालची रद्दी आणि पुठ्ठा चिकट होतो. तेल-रस्सा लागलेला कागद भंगारवालाही घेत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे कचरावेचक घरोघरी कचरा गोळा करतात आणि सुक्यातलं जे विकलं जातं, ती त्यांची कमाई. बरबटलेला डबा त्या कमाईतून वजा होतो, हे मला फार लागतं. पार्सलचे डबे, सॉसच्या बाटल्या भाज्या धुतलेल्या पाण्यात नुसत्या विसळल्या तरी पुरतं. फक्त निथळू द्या.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका. नखाएवढा तो तुकडा कुणालाच वेचता येत नाही, थेट गटारात जातो. चीर द्या, कोपरा पिशवीलाच राहू द्या.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे सॅनिटरी पॅड आणि डायपर सुक्यात टाकणं. निवडणारे हात माणसांचे असतात. कागदात गुंडाळून त्यावर ठळक लाल ठिपका काढा आणि पुडकं वेगळं द्या; न उघडताच कळतं. फुटलेली काचसुद्धा अशीच, जाड कागदात बांधून, सांगून द्यावी.

गाव बदललं की पद्धत बदलते, हे पाहुण्यांच्या आणि भाडेकरूंच्या लक्षात येत नाही. पणजीत सुक्या कचऱ्याचे कितीतरी प्रकार वेगळे काढले जातात. वेंगुर्ल्यात ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तयार झाला, तो ओल्यात प्लॅस्टिक मिसळलं नाही म्हणून. नव्या गावात पहिल्याच दिवशी घंटागाडीवाल्या दादांना विचारून घ्या.

घरच्या खताला वास येतोय? बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं. कोकणात पावसाळ्यात हवाच इतकी दमट, की भाजीच्या देठांइतकाच वाळका पाचोळा किंवा नारळाचा भुसा घालावा लागतो. करवंट्या मात्र त्यात टाकू नका, वर्षानुवर्षं तशाच राहतात. विदर्भात मे महिन्यात उलटं होतं: खत कोरडं पडून कुजणंच थांबतं, तेव्हा पाणी शिंपडा. मूठभर खत दाबून पाहा. लाडू वळला आणि पाणी गळलं नाही, तर ओल बरोबर आहे.