व्हीएलसीत वाजतंय पण डीव्हीडी मुकी : नवीन एडिटिंगवाल्यांसाठी

लग्नाच्या व्हिडिओचं काम शिकायला येणारी पोरं कट मारणं, गाणी बसवणं सगळं पटकन उचलतात, पण डिस्क बनवायची वेळ आली की एक तक्रार हमखास येतेच, चित्र दिसतंय पण आवाज नाही. आणि वर लॅपटॉपवरचा व्हीएलसी प्लेयर पुढे करून सांगणार, बघा ना दादा, व्हीएलसीत तर व्यवस्थित वाजतंय! अरे व्हीएलसी काहीही वाजवतं रे, त्याच्यात वाजलं याने काहीच सिद्ध होत नाही. पार्टीच्या घरचा टीव्हीखालचा प्लेयर ठराविक चार गोष्टीच ओळखतो, बाकी काही दिलं की गप्प.

(आता डीव्हीडी बघतं कोण, असं विचारणारे असतातच. पेनड्राइव्ह आपण देतोच, पण गावाकडे मामाच्या घरी आणि शाळेच्या गॅदरिंगला अजून डिस्क मागतात, आणि मागतात तोवर नीट चालणारी द्यायला पाहिजे.)

तर त्या चार गोष्टी कोणत्या. डीव्हीडी व्हिडिओच्या नियमात आवाज एसी३ म्हणजे डॉल्बी डिजिटल, साधा पीसीएम, एमपी२ नाहीतर डीटीएस, एवढ्या चार फॉरमॅटमध्येच बसतो. त्यातला डीटीएस आपल्या कामाचा नाही, बऱ्याच स्वस्त प्लेयरना तो उलगडताच येत नाही. एएसी चालत नाही आणि एमपी३ पण चालत नाही, आणि गंमत म्हणजे मोबाईलवर शूट केलेल्या जवळपास सगळ्या क्लिपांचा आवाज एएसीच असतो. दुसरी अट सॅम्पल रेटची, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतलेत त्याची, ४८ किलोहर्ट्झ पाहिजे. गाण्यांच्या सीडीतून घेतलेला ट्रॅक ४४.१ चा असतो, तो तसाच डिस्कवर गेला तर एखादा प्लेयर वाजवेल, दुसरा गप्प बसेल.

म्हणून आवाज नाही म्हटलं की आधी सेटिंग हलवत बसू नका, फाईल मीडियाइन्फोमध्ये उघडा. फुकट आहे, छोटं आहे, फाईलच्या आत काय काय आहे ते दाखवतं. त्यात ऑडिओचा रकाना दिसतो का बघा, दिसत असेल तर फॉरमॅट आणि सॅम्पलिंग रेट वाचा. रकानाच नसेल तर आवाज कन्व्हर्ट करतानाच गळालाय. डीव्हीडीसाठी एक्सपोर्ट करताना काही सॉफ्टवेअर चित्राची एमटूव्ही फाईल वेगळी काढतात आणि आवाजाची वेव्ह किंवा एसी३ वेगळी, आणि पोरं घाईत फक्त एमटूव्ही उचलून ऑथरिंगमध्ये, म्हणजे डिस्क तयार करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाकतात. एमटूव्हीत आवाज नसतोच. दोन्ही एका फोल्डरमध्ये, एकाच नावाने ठेवायची सवय लावा.

रकाना आहे पण एएसी दिसतंय, तर परत कन्व्हर्ट करा. एफएफएमपेग, म्हणजे कमांड लिहून चालवायचा कन्व्हर्टर, येत असेल तर त्यात पाल-डीव्हीडी (पाल म्हणजे आपल्याकडची टीव्ही पद्धत) नावाचं तयार टार्गेट, म्हणजे सेटिंगचा संच, आहे, ते दिलं की चित्र ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, आवाज एसी३, ४८ किलोहर्ट्झ, सगळं आपोआप बसतं. कमांड लिहायचा कंटाळा असेल तर डीव्हीडीस्टायलर हे डिस्क बनवायचं सॉफ्टवेअर वापरा, फक्त ऑडिओच्या जागी कॉपी ठेवू नका, एसी३ निवडा, कारण कॉपी म्हणजे आहे तसं उचलून ठेवायचं. पीसीएम ऐकायला उत्तम पण जागा खातो, दोन तासांच्या लग्नाला जवळपास १.४ जीबी, आणि डिस्क आहे ४.७ ची, म्हणजे मार चित्राच्या क्वालिटीला बसणार. एसी३ स्टीरिओ १९२ केबीपीएसला भाषण आणि मंगलाष्टका दोन्ही छान ऐकू येतात. आणि पार्टीचा मुलगा अमेरिकेत असेल तर त्याला एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीची, डिस्क द्या, आवाज एसी३ च, एमपी२ नको. पाल प्लेयरला एमपी२ वाजवता यावाच लागतो, तिकडच्या प्लेयरवर तशी सक्ती नाही.

डिस्क उघडल्यावर ऑडिओ_टीएस नावाचं रिकामं फोल्डर दिसतं, त्याला बघून घाबरू नका. ते रिकामंच असतं. आवाज चित्रासोबत व्हिडिओ_टीएसमधल्या व्हीओबी फायलींच्या आतच असतो. या एका फोल्डरपायी चांगल्या डिस्का परत राईट करणारे लोक मी बघितलेत.

आता अवघड प्रकार. मीडियाइन्फोत सगळं बरोबर, हेडफोनवर आवाज येतोय, आणि पार्टी सांगते की गाणी ऐकू येतात पण भटजींचा आवाज गायब. इथे कन्व्हर्टरला शिव्या देऊन उपयोग नाही, घोळ मांडवात झालेला असतो. साउंडवाल्याच्या मिक्सरचं बॅलन्स्ड आउटपुट (एकच आवाज एका तारेवर सुलटा, दुसऱ्यावर उलटा पाठवणारं) साध्या स्टीरिओ केबलने कॅमेऱ्याच्या माइक-इनला लावलं की डावीकडे जो आवाज जातो त्याचाच बरोबर उलटा उजवीकडे जातो. दोन कानांना दोन वेगळे मिळतात म्हणून हेडफोनवर कळत नाही, फक्त जरा पोकळ, डोक्याच्या बाहेरून आल्यासारखं वाटतं. पण एका स्पीकरच्या टीव्हीवर दोन्ही बाजू एकत्र झाल्या की एकमेकांना खाऊन टाकतात आणि शिल्लक शून्य. गाणी मात्र आपण नंतर टाइमलाइनवर टाकलेली, त्यांना काही होत नाही. उपाय सोपा आहे, एक चॅनल इन्व्हर्ट करा किंवा डावा चॅनलच दोन्हीकडे भरा. रेंडर मारण्याआधी एकदा टाइमलाइन मोनो करून ऐकलं तर हे लगेच पकडता येतं, आमच्याकडे नवीन पोराला हे पहिल्या आठवड्यातच करायला लावतो.

एवढं करून पण फोन आला तर आधी रिमोटवरचं ऑडिओ बटण दाबायला सांगा, दोन ट्रॅक टाकले असतील तर चुकून रिकामा लागलेला असतो. प्लेयर होम थिएटरला डिजिटल केबलने जोडलेला असेल तर सेटिंगमध्ये बिटस्ट्रीमच्या (म्हणजे आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवण्याच्या) जागी पीसीएम करायला सांगा. आणि दुकानात एक जुना, स्वस्तातला प्लेयर आणि एका स्पीकरचा टीव्ही ठेवा. भारीतला नको, भारी प्लेयर चुका पोटात घालतो. डिस्क त्यावर सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ऐकून मगच पार्टीला द्या.