पलूसचे बार्न टिपताय? या चुका टाळा

सांगलीकरांनी दचकू नये. हे पलूस अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. गहू, मसूर आणि काबुली चण्याच्या टेकड्या, त्यांच्यामध्ये जुने लाकडी बार्न, म्हणजे गुरांचे आणि धान्याचे मोठे गोठे-कोठार. जून लागला की सिएटलची आपली मंडळी पाच तास गाडी हाणत तिकडे जातात आणि सोमवारी मला फोटो दाखवतात. दरवर्षी चुका त्याच.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते सरळ केलेल्या बार्नमुळे. लोक वाइड लेन्स लावून अगदी पुढ्यात उभे राहतात, छप्पर मावावं म्हणून कॅमेरा वर करतात आणि उभ्या रेषा आत झुकतात. मग घरी येऊन सॉफ्टवेअरचं 'ऑटो' बटण. ते बिचारं इमारत सरळच असणार असं धरून चालतं. जुना बार्न कुठला सरळ असायला? पाया खचलेला, एका अंगाचे खांब कुजलेले. त्याला ताठ केलं की शेजारचा विजेचा खांब पडायला येतो.

शहाणपणा शिकवतोय, पण हे मीही करून बसलोय. एका शेतकऱ्याने मला बांधावरून आत येऊ दिलं होतं, म्हणून त्याला मोठी प्रिंट पाठवली. पुढच्या वर्षी गेलो तर म्हणाला, "फोटो झकास आहे. बार्न कोणी दुरुस्त केला? त्याला इकडे पाठव, मला सुतार मिळत नाहीये." त्याचा बार्न चांगला हातभर कलला होता आणि मी एका क्लिकमध्ये उभा केला होता. त्याने ती प्रिंट फ्रीजवर लावली होती, येईल त्याला हसून दाखवायला.

तेव्हापासून कॅमेरा काढण्याआधी मी रस्त्यावरूनच इकडून तिकडून बघतो आणि कल कुठे आहे ते वहीत लिहितो. मग लांब जाऊन सत्तर मिलिमीटरच्या पुढची लेन्स लावतो आणि कॅमेरा लेव्हलमध्ये ठेवतो. खाली गहू जास्त आला तर येऊ दे, नंतर कापता येतो. बार्नचा कल मात्र बार्नचाच राहतो. 'ऑटो'वर माझा राग आहे, कमी होण्याची शक्यता नाही.

लाल रंगाचंही तेच. जुना रंग म्हणजे जवसाच्या तेलात लोखंडाचा गंज, विटकरी छटेचा. तुम्ही त्याचं कुंकू करता. एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसला तरी लाल चॅनल, म्हणजे नुसत्या लाल रंगाचा भाग, जळलेला असू शकतो, त्यात तपशीलच उरत नाही. तो वेगळा बघा, फोटो किंचित गडद (अंडर) ठेवा.

वाइड लेन्सवर पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) नको, आभाळावर निळा डाग पडतो.

स्टेप्टो ब्यूट या टेकडीवरून (उंची 3,612 फूट) भर दुपारी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी लेन्स) लावून "फोकस येत नाही" म्हणणाऱ्यांनो, लेन्स चांगली आहे, तापलेली हवा थरथरतेय. शार्पनिंगने ती आणखी दिसते. पहाटे या.

आणि संध्याकाळी थांबा! जूनमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि लोक साडेसातला जेवायला पळतात. टेकड्यांच्या सावल्या खरं तर तेव्हाच लांबायला लागतात. मी डब्यात धपाटे नेतो. ज्याला भूक धरवत नाही, त्याने मोबाइलवर वॉलपेपर लावावा.

गव्हात शिरू नका, ते लॉन नाही. पुलमनजवळचा 1917 सालचा बाराकोनी लेनर्ड बार्न रस्त्यावरूनच टिपा. आत जायची हौस असेल तर युनियनटाउनचा डॅमन बार्न आहे. 1935 साली दुभत्या गाईंसाठी बांधलेला, आता तिथे कलाकार काम करतात, आणि भोवती जुन्या लोखंडी चाकांचं कुंपण. पडक्या बार्नच्या माळ्यावर मात्र चढू नका, फळी कुजलेली असते आणि खिळा गंजलेला.

कच्च्या रस्त्यांवर 'प्रिमिटिव्ह रोड' अशी पाटी दिसली आणि पाऊस पडून गेला असेल, तर मागे फिरा. ही वाऱ्याने आणून टाकलेली बारीक माती आहे, भिजली की साबण. ऑगस्टमध्ये उलटं संकट: वाळक्या गवतावर गाडी लावू नका. सायलेन्सरच्या उष्णतेने गवत पेटतं, आणि पलीकडे कुणाचं तरी कापणीला आलेलं शेत असतं.