संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रोपांचं वाण

वाण म्हणून डबे, चमचे, कंगवे लुटून झाले असतील, तर यंदा रोपं द्या. वाढदिवसाला, वास्तुशांतीलाही लोक आता रोप नेतात, पण सोलापुरात रोप भेट द्यायला संक्रांत ते रथसप्तमी यासारखा काळ नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला असतो, ऊन सौम्य असतं, रात्री गार असतात. तेव्हा नव्या घरी गेलेलं रोप एप्रिलात पारा ४० च्या वर चढेपर्यंत तिथं रुळतं. मे महिन्यातल्या वास्तुशांतीला मी रोप नेत नाही. आहेर करते, आणि रोप पावसाळ्यात पोचवते.

कोणतं रोप द्यायचं हे नर्सरीत उभं राहून ठरवू नका. ज्या घरी ते जाणार, ते घर डोळ्यांसमोर आणा. खिडकी कोणत्या बाजूला आहे? दिवसभर कुणी असतं का? आणि मुख्य म्हणजे पाण्याचं काय? उजनी धरण काठोकाठ भरलं तरी आपल्या नळाला पाणी काही दिवसांआडच येतं. आमच्या जुळे सोलापुरातल्या एक वहिनी मला म्हणाल्या होत्या, "माणसांनाच पाणी पुरेना की ओ, कुंडीत कुठलं घालू?" त्यांना मी झेडझेड प्लांट दिला. याच्या मातीखाली गड्डे असतात, त्यांत पाणी साठतं. हिवाळ्यात पंधरा-वीस दिवस पाणी नाही मिळालं तरी तो हिरवागार राहतो. स्नेक प्लांटही तसाच. ज्यांना झाडांची हौस आहे पण सवय नाही, त्यांना या दोहोंतलंच एक द्यावं.

फर्न आणि कॅलाथिया मात्र देऊ नका, कितीही देखणे असले तरी. त्यांना कोकणातल्यासारखी दमट हवा लागते. आपल्याकडे मार्च लागला की त्यांच्या पानांच्या कडा करपतात आणि घेणारीला उगाच वाटतं, आपल्या हाताला गुण नाही. गच्चीत किंवा बाल्कनीत कडक ऊन येत असेल तर अडेनियम द्या. आपला उन्हाळा त्याला मानवतो, फुलंही भरपूर येतात. त्याचा चीक मात्र विषारी असतो, हे देताना सांगायचं.

रांगतं मूल असलेल्या घरी डिफनबाकिया नकोच. त्याच्या पानात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावलं तर जीभ आणि तोंड सुजतं. मनी प्लांट, पीस लिली, झेडझेड यांतही कमी-जास्त तोच प्रकार आहे. अशा घरी स्पायडर प्लांट द्या, नाहीतर जाड, लवदार पानांचा ओवा. ओव्याच्या पानांची भजी होते, त्यामुळे आजीही खूश असते. काही घरांत काटेरी झाड चालत नाही, तिथं निवडुंग नेऊ नये. तिथं आपली आवड रेटण्यात अर्थ नाही.

वाणाला वीस-पंचवीस रोपं लागणार असतील तर विकत घेण्यापेक्षा घरीच करा. जुलै-ऑगस्टमध्ये सुरुवात करायची. मनी प्लांटची फांदी अशी कापा की प्रत्येक तुकड्याला निदान एक पेर आणि एक पान राहील. मूळ पेरातूनच फुटतं, नुसतं पान पाण्यात ठेवून काही होत नाही. तीन-चार आठवड्यांत मुळं बोटभर झाली की मातीत लावा. स्पायडर प्लांटला लोंबणारी पिल्लं येतात, तीच वेगळी करायची. स्नेक प्लांटचं पान कापून लावलं तरी रोप होतं, पण फार सावकाश, आणि पिवळ्या काठाच्या जातीचं पान लावलं तर नव्या रोपाला तो काठ येत नाही. म्हणून त्याचा गड्डाच फोडून लावावा.

शेतातली काळी माती कुंडीत भरू नका. ओली असताना ती चिकटून बसते, वाळली की भेगाळते आणि पाणी कडेनं निघून जातं. दोन भाग तांबडी माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि वर मूठभर निंबोळी पेंड. चार इंची कुंडी पुरते. मातीची कुंडी सुंदर दिसते, पण आपल्या कोरड्या हवेत लवकर सुकते. वाणासाठी प्लॅस्टिकची बरी. तळाला भोक हवंच. बिनभोकाच्या चिनी मातीच्या भांड्यात रोप थेट लावून देऊ नये, मुळं कुजतात.

विकतच आणणार असाल तर आठ-पंधरा दिवस आधी आणा. नर्सरीत रोप हिरव्या जाळीखाली, रोजच्या पाण्यावर वाढलेलं असतं. ते आधी आपल्या घरात राहू द्या. पान उलटून बघा. कापसासारखा पांढरा पुंजका म्हणजे पिठ्या ढेकूण, बारीक जाळं म्हणजे लाल कोळी. अशी कीड दुसऱ्याच्या घरी पाठवायची नाही. "हे हवा शुद्ध करतं" असं विक्रेते सांगतात, ते मात्र पुढं सांगू नका. नासाची १९८९ ची चाचणी बंद पेटीतली होती. २०१९ मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा दिसलं की खेळत्या हवेनं जेवढं काम होतं तेवढं व्हायला चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. झाड घरात असावंसं वाटतं, एवढं कारण पुष्कळ आहे.

बांधायला चकचकीत प्लॅस्टिक नको. कुंडीभोवती आपला सोलापुरी टर्किशचा छोटा नॅपकिन गुंडाळा आणि सुतळीनं बांधा. पुढं तोच ओला करून पानांवरची धूळ पुसता येते, आणि आपल्या गावात धुळीला तोटा नाही.

सोबत चिठ्ठी द्याच. रोपाचं नाव, कुठं ठेवायचं, पाणी कधी. "रोज थोडं थोडं" असं लिहू नका, त्यानंच जास्त रोपं मरतात. "बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच भरपूर पाणी द्या" असं लिहा. झेडझेड आणि स्नेक प्लांटला मात्र माती तळापर्यंत वाळू द्यायची. खाली आणखी एक ओळ हवी: आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी कुंडीला घालू नये. त्यात क्षार एकवटलेले असतात, मातीवर पांढरा थर धरतो आणि पानांची टोकं जळतात. बोअरचं पाणीही बहुधा जडच असतं. त्यापेक्षा नळाला पाणी येण्याच्या दिवशी आपण जे साठवलेलं शिळं पाणी ओतून देतो ते घाला. तांदूळ धुतलेलं किंवा एसीतून ठिबकणारंही चालतं.

मार्चअखेर ज्यांना रोप दिलं त्यांना एक फोन करा. पश्चिमेच्या खिडकीतून कुंडी आत घ्यायला सांगा, कूलरच्या थेट झोतातून बाजूला करायला सांगा, आणि खत आता जूनपर्यंत घालू नका म्हणावं. कुणी म्हणालं, "पानं पिवळी पडायलेत," तर आधी विचारा, पाणी किती घालताय?