मुद्राचित्र विकत घेण्यापूर्वी भिंगाखाली पाहावे

इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्यावर स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दाली यांनी केलेली जलरंगचित्रे 1960 च्या सुमारास लाकडी ठशांवरून छापली गेली. त्या मालिकेत 100 मुद्राचित्रे (ठशावरून कागदावर उमटवलेली चित्रे) आहेत आणि आज ती सुटी विकली जातात. मात्र त्यांत साधी ऑफसेट छपाईही (यंत्रावर बारीक ठिपक्यांनी केलेली छपाई) मिसळलेली असू शकते.

1. घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. चित्र दूर असेल, तर विक्रेत्याकडून भिंगातून काढलेले छायाचित्र मागवावे.

2. फिकट रंगाचा भाग पाहावा. तेथे सारख्या अंतरावर मांडलेले बारीक रंगीत ठिपके दिसले, तर ते चित्र ऑफसेटवर छापलेले आहे, असे समजून व्यवहार थांबवावा. ठशाच्या छपाईत रंग सलग बसतो आणि एकावर एक चढलेले थर कडेला ओळखू येतात.

केवळ पेन्सिलीतील स्वाक्षरीसाठी जास्त पैसे मोजू नयेत, कारण दालींनी कोऱ्या कागदांवरही मोठ्या संख्येने स्वाक्षऱ्या केल्या होत्या आणि त्यांच्या बनावट स्वाक्षऱ्याही बाजारात पुष्कळ आहेत.